चित्र बदलायचे कुठे? डब्यात, ध्वनिसंचात की टीव्हीत?



स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा हिशेब आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. कुकरमध्ये काय लावायचे आणि कढईत काय, खलबत्ता कशाला आणि मिक्सर कशाला, हे हाताला ठाऊक असते. पण दिवाणखान्यातल्या त्या एका भिंतीपाशी गेलो की हे शहाणपण कुठे जाते कोण जाणे! भिंतीवर टीव्ही, खाली सेट टॉप बॉक्सचा डबा, बाजूला ध्वनिसंच, मागे वायरींचा गुंता आणि समोर चार रिमोट. ‘ते खाते ह्यांचे नि मुलांचे’ असे म्हणून आपण मोकळ्या होतो. आणि चित्र बिघडले की कुरकुर मात्र आपणच करतो, कारण दुपारच्या निवांत वेळी त्या पडद्यासमोर बसणाऱ्या आपणच!

लासलगाव बाजार समितीच्या इथल्या उपबाजारात कांदा बऱ्या भावाने गेला, की आमच्या विंचुरात एकदोन घरी तरी मोठा टीव्ही येतो. पाठोपाठ स्पीकर येतात. मग हळदीकुंकवाला गेले की तक्रारी ऐकायला मिळतात. ‘अहो, जुन्या लहान टीव्हीवर चित्र छान दिसायचं, ह्या मोठ्यावर सगळं पुसट.’ ‘सगळ्या नट्या कशा जाड दिसतात!’ ‘बातम्यांची खालची पट्टी अर्धी कापली जाते.’ ‘शब्द आधी ऐकू येतो आणि ओठ मागून हलतात.’ आणि शेवटी ठरलेले वाक्य: ‘दुकानदार म्हणतो, वहिनी, ह्याला अजून एक कन्व्हर्टर लागेल.’

तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण बहुतेकींचे मूळ एकच आहे. येणारे चित्र एका मापाचे आणि पडदा दुसऱ्या मापाचा. मधे कुणीतरी त्याचे रूपांतर करावेच लागते. ते कुणी करायचे, हे आपण ठरवले नाही तर प्रत्येक यंत्र आपापल्या परीने करते, आणि एका पातेल्यात चौघींनी मीठ टाकावे तसे होते. आज त्याचाच विचार करू. वही-पेन्सिल जवळ ठेवलीत तर बरे, थोडे आकडे आहेत.

रूपांतर म्हणजे नेमके काय?

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी आणि त्यानंतरच्या एशियाडच्या निमित्ताने रंग आले. पण कृष्णधवल असो की रंगीत, चित्राचे माप तेच राहिले. एक चित्र म्हणजे ६२५ आडव्या रेघा, त्यातल्या प्रत्यक्ष चित्राच्या ५७६. आकार चारास तीन, म्हणजे जवळजवळ चौकोनी. आपल्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी ह्याच मापात भरल्या गेल्या. आजही ज्या वाहिन्या साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या आहेत, त्यांचे चित्र ७२० टिंबे रुंद आणि ५७६ रेघा उंच असते.

आजचा पडदा मात्र सोळास नऊ, लांबट. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० टिंबे, आणि फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०. तेव्हा मधल्या यंत्राला चार कामे करावी लागतात.

पहिले काम, लहरींचे आकडे करणे. जुन्या कॅसेटमधून आणि पिवळ्या पिनेच्या वायरीतून चित्र लहरींच्या रूपात येते. नव्या पडद्याला आकडे लागतात.

दुसरे काम, ओळी विणणे. जुन्या पद्धतीत पूर्ण चित्र एकदम येत नाही. आधी विषम ओळी येतात, मग सम. सेकंदाला अशी पन्नास अर्धी चित्रे, म्हणजे पंचवीस पूर्ण. येवल्याच्या मागावर धागा धाग्यात बसावा तशा ह्या ओळी एकमेकींत बसवाव्या लागतात. विणणारा कच्चा असला तर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात.

तिसरे काम, मोठे करणे. शाळेत चित्रकलेच्या तासाला आम्ही मुलांना चौकटी आखून लहान चित्र मोठे करायला देतो. लहान चौकटीत नाकाची एक रेघ असते. मोठ्या चौकटीत ती कशी वळवायची, हे मुलाला अंदाजाने ठरवावे लागते. चांगला हात असलेले मूल नाक नाकासारखे काढते, बाकीच्यांचे वांगे होते. इथे तसेच आहे. ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० टिंबे. फुल एचडी पडद्यावर टिंबे बरोबर पाचपट आणि फोर-केवर बरोबर वीसपट. म्हणजे फोर-के टीव्हीवर साधी वाहिनी पडदाभर पाहतो, तेव्हा वीस टिंबांतले एक खरे आणि एकोणीस अंदाजाची! मोठ्या टीव्हीवर चित्र पुसट का दिसते, ते आता कळले ना? टीव्ही वाईट नसतो, पाहुण्यांच्या मानाने पीठ कमी असते.

चौथे काम, आकार सांभाळणे. चारास तीनचे चित्र सोळास नऊच्या पडद्यावर ताणले, तर रुंदी एक तृतीयांशाने वाढते. तीस इंच कंबरेची मुलगी चाळीस इंचांची दिसते. नट्या जाड झालेल्या नाहीत, रिमोटचे बटण चुकीच्या जागी आहे.

तीन जागा, तीन स्वभाव

ही कामे करू शकतील अशा घरात तीन जागा असतात.

पहिली जागा उगमाशी, म्हणजे सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर वगैरे. केबलचे डबे नाशिक शहरात ३१ मार्च २०१३ च्या मुदतीने आले, आणि आपल्यासारख्या गावांसाठी शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ होती. दूरदर्शनची बिनपैशांची डिश त्याही आधीची, डिसेंबर २००४ पासूनची. तेव्हापासून प्रत्येक घरात हा मधला माणूस आहे. डब्याच्या सेटिंगमध्ये ५७६, ७२०, १०८० असे आकडे असतात. तुम्ही १०८० निवडले, की साधी वाहिनीसुद्धा डबाच मोठी करून पुढे पाठवतो. फायदा असा, की डब्यापाशी चित्र मूळ आकड्यांच्या रूपात असते, वाटेत काही सांडलेले नसते. तोटा असा, की बहुतेक डबे स्वस्तातले असतात आणि मोठे करण्याची त्यांची कला बेताचीच असते.

दुसरी जागा मधे, म्हणजे ध्वनिसंचाचा अॅम्प्लिफायर किंवा वेगळा कन्व्हर्टर. ज्या अॅम्प्लिफायरला ए.व्ही. रिसीव्हर म्हणतात, त्याला सगळी यंत्रे जोडायची आणि तिथून एकच एचडीएमआय वायर टीव्हीला न्यायची. मागचा गुंता सुटतो, रिमोट कमी होतात, सासूबाईंना ‘आता कोणतं बटण?’ असे विचारावे लागत नाही. ही सोय खरी आहे, तिला कमी लेखू नका. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, पुष्कळ घरांत साध्या बातम्या बघायलाही अॅम्प्लिफायर चालू करावा लागतो. बंद असतानाही चित्र पुढे सोडण्याची सोय काही यंत्रांत असते, ती घेण्याआधी विचारा. दोन, टीव्ही प्रत्येक जोडणीसाठी उजेड, रंग, आकार ह्यांची वेगळी आठवण ठेवतो. सगळी यंत्रे एकाच वायरीतून आली, की कॅसेट, डबा आणि सिनेमा ह्यांना एकच सेटिंग. तिघांना तीन चवी लागतात, मिळते एकच.

तिसरी जागा शेवटी, म्हणजे टीव्ही स्वतः. इथे एक गंमत आहे. टीव्हीला हे काम चुकवताच येत नाही. त्याच्या पडद्यावर टिंबे ठरलेली आहेत, आलेले चित्र तेवढ्यांवर बसवणे त्याला भागच आहे. म्हणून चांगल्या कंपन्या ह्या कामासाठी टीव्हीत बऱ्यापैकी डोके घालतात. गेल्या काही वर्षांत घेतलेला मधल्या किमतीचा टीव्ही बहुधा केबलच्या डब्यापेक्षा हे काम चांगले करतो.

एकच फोडणी

ह्यातून जो नियम निघतो तो आपल्या ओळखीचा आहे: फोडणी एकदाच, आणि जिचा हात चांगला तिने द्यावी.

डब्याने ५७६ चे ७२० केले आणि टीव्हीने ७२० चे २१६० केले, तर अंदाजावर अंदाज झाला. पहिल्याने केलेली चूक दुसरा खरी समजून मोठी करतो. जुन्या बत्तीस इंची टीव्हींपैकी बऱ्याच संचांवर ‘एचडी रेडी’ लिहिलेले असते, त्यांच्या पडद्यावर ७६८ च रेघा असतात. त्यांना डब्यातून १०८० पाठवले, तर डबा आधी फुगवतो आणि टीव्ही पुन्हा आवळतो. दोन्ही मेहनती वाया.

तेव्हा साधारण असे ठरवा.

तुमचा डबा साधा आणि टीव्ही बरा असेल, तर डबा ५७६ वर ठेवा, बाकीचे टीव्हीला करू द्या.

डबा एचडी असेल आणि सेटिंगमध्ये ‘नेटिव्ह’ किंवा ‘ओरिजिनल’ असे काही असेल, तर तेच निवडा. त्याने वाहिनी जशी येते तशीच पुढे जाते. तसे नसेल, तर १०८०आय निवडा. आपल्याकडच्या एचडी वाहिन्या बहुतांशी त्याच मापात येतात, म्हणून निदान त्यांना तरी कुणी हात लावणार नाही.

टीव्ही फार जुना किंवा फारच स्वस्तातला असेल आणि प्लेअर चांगला असेल, तर उलट करा. मोठे करण्याचे काम प्लेअरला द्या.

अॅम्प्लिफायर मधे असेल, तर त्याच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘थ्रू’, ‘डायरेक्ट’ किंवा ‘बायपास’ असा पर्याय बहुधा असतो. तो निवडला की तो आवाजाचे काम करतो आणि चित्राला हात लावत नाही. घरात कारभारी असावा, पण प्रत्येक भाजीत डाव घालणारा नसावा.

आणि वेगळा कन्व्हर्टर? काही शे रुपयांत तीन पिनांची वायर एका बाजूला आणि एचडीएमआय दुसऱ्या बाजूला अशी छोटी डबी मिळते. टीव्हीला जुन्या पिनांची जागाच नसेल, तरच ती घ्यावी. आधी टीव्हीच्या मागे आणि कडेला नीट बघा. पुष्कळ नव्या टीव्हींना ‘एव्ही इन’ लिहिलेले इयरफोनसारखे एक बारीक भोक असते, त्याची जोडवायर टीव्हीच्या खोक्यातच आलेली असते आणि आपण ती खोक्यासकट माळ्यावर टाकलेली असते. काही संचांवर पिवळ्या पिनेची जागा हिरव्या भोकातच असते. तिथे पिन लावल्यावर चित्र काळेपांढरे दिसले तर घाबरू नका. टीव्हीच्या इनपुटमध्ये ‘कंपोनंट’ ऐवजी ‘एव्ही’ निवडा, रंग परत येतात.

अर्ध्या तासाची परीक्षा

कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही. एखाद्या दुपारी अर्धा तास काढा. नेहमी जिथे बसता तिथेच बसा. पडद्याला नाक लावून बघू नका, तसे कुणीच टीव्ही पाहत नाही. एक साधी बातम्यांची वाहिनी लावा. डबा ५७६ वर ठेवून पाच मिनिटे बघा, मग १०८० वर ठेवून पाच मिनिटे. तीनच गोष्टी तपासा: खालून सरकणाऱ्या अक्षरांच्या कडा, तिरप्या रेघा पायरीपायरीच्या दिसतात का, आणि हलणाऱ्या हाताला कंगव्याचे दात येतात का. मग एचडी वाहिनीवर तेच करा. जे बरे दिसले ते वहीत लिहून रिमोटच्या खणात ठेवा. वीज गेली-आली किंवा नातवंडांनी बटणे दाबली, की हा कागद कामाला येतो.

तेवढ्यात आणखी तीन कामे उरकून घ्या. टीव्हीच्या चित्राच्या आकारात ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असे काही असेल तर ते लावा. कापली जाणारी बातम्यांची पट्टी पूर्ण दिसू लागते. ‘शार्पनेस’ कमी करा. त्याने नवा तपशील येत नाही, असलेल्या कडांना फक्त काजळ लागते आणि जुन्या चित्रातली मुरमुर वाढते. आणि सिनेमा बघताना हालचाल विचित्र गुळगुळीत, एखाद्या मालिकेसारखी वाटत असेल, तर ‘मोशन’ नावाची जी सोय असते ती बंद करा. तिथे टीव्ही दोन चित्रांच्या मधे मनाने तिसरे घालत असतो.

शब्द आधी, ओठ मागून

ही तक्रार स्पीकर आणल्यावरच का सुरू होते? ओळी विणणे, मोठे करणे ह्याला टीव्हीला थोडा वेळ लागतो. सेकंदाचा लहानसा भागच, पण डोळ्याला कळतो. आवाज टीव्हीतूनच येत होता तेव्हा टीव्ही दोघांना बरोबर सोडत होता. आता डब्यातून आवाज सरळ अॅम्प्लिफायरला गेला आणि चित्र टीव्हीत रेंगाळले, म्हणून शब्द पुढे निघून जातो.

उपाय दोन. जोडणी अशी करा की डब्याची वायर टीव्हीला, आणि टीव्हीतून आवाज स्पीकरला. त्यासाठी टीव्हीवर ‘एआरसी’ लिहिलेली एचडीएमआयची जागा असते. किंवा अॅम्प्लिफायरमध्ये ‘ऑडिओ डिले’ अथवा ‘लिप सिंक’ असते, ते थोडे थोडे वाढवत ओठ आणि शब्द जुळेपर्यंत न्या. बातम्या सांगणाऱ्या बाईंकडे बघत केले तर लवकर जुळते.

कपाटातली कॅसेट

इथपर्यंत जे सांगितले ते सोयीचे झाले. सेटिंग चुकले तर फार तर मालिका पुसट दिसेल. पण एका ठिकाणी चूक परवडत नाही, आणि ते म्हणजे गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली ठेवलेल्या लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या कॅसेटी.

आपला नाशिक जिल्हा म्हणजे दादासाहेब फाळक्यांचा. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा. १९१३ सालच्या त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची सगळी रिळे आज उरलेली नाहीत. जो थोडा भाग हाती लागला तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला. एवढ्या मोठ्या माणसाच्या कामाची ही गत, तर आपल्या कॅसेटीची काळजी कोण घेणार? फीत जुनी झाली की तिच्यावरचा लेप सुटतो, दमट कपाटात बुरशी धरते. व्हीसीआर बनवणारी शेवटची म्हणून ओळखली गेलेली जपानी कंपनी फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता, की चुंबकीय फितींवर जे आहे ते २०२५ पर्यंत उतरवून घ्या, पुढे ते जवळजवळ अशक्य होईल. फीत आणि यंत्र, दोन्ही एकदमच म्हातारी होत आहेत.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. माझ्या नणंदेचे लग्न १९९१ चे. त्या कॅसेटमध्ये माझे सासरे आहेत. मी ह्या घरात आले तेव्हा ते नव्हते, त्यांचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. त्यांची हलती-बोलती आठवण म्हणून जगात एवढीच एक फीत. नणंदेने शहरातल्या एका दुकानात देऊन ती पेनड्राइव्हवर करून आणली. दुकानदाराने कौतुकाने सांगितले, ‘एकदम एचडी करून दिलंय ताई, आता कॅसेट टाकून दिली तरी चालेल.’ सगळे जमले, मोठ्या टीव्हीवर लावले. मांडवात पाहुण्यांना हात जोडणारे सासरे दिसले. सासूबाई थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हे कोण? हे असे जाड कधी होते गं?’

त्यांचे खरेच होते. दुकानात चित्र ताणून सोळास नऊ केले होते, उजेड आणि रंग वाढवले होते, आणि मोठे करताना चेहरे मेणासारखे गुळगुळीत झाले होते. सगळे त्या फायलीतच भाजून टाकलेले. ताण थोडाफार उलटा करता येतो, पण पुसलेल्या सुरकुत्या परत आणता येत नाहीत.

सुदैव एवढे, की नणंदेने कॅसेट टाकली नव्हती. माझ्या माहेरी एक व्हीसीआर अजून चालू होता. पुतण्याने तो लॅपटॉपला जोडला आणि आहे तसे, ५७६ रेघांत, चारास तीनच्या आकारात, रंगांना हात न लावता उतरवून घेतले. टीव्हीवर लावल्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. चित्र थोडे मुरमुरते, मधे एकदोनदा उडते. पाठवणीच्या वेळी सासरे नणंदेला म्हणतात, ‘पत्र लिहीत जा.’ सासूबाई पदराने डोळे पुसत एवढेच म्हणाल्या, ‘हां, आता हे आहेत.’

बाजूच्या काळ्या पट्ट्या मला आता खटकत नाहीत. १०८० रेघांच्या पडद्यावर चारास तीनचे चित्र १४४० टिंबे रुंद बसते, उरलेली २४०-२४० दोन्हीकडे रिकामी. फोटोच्या भोवती माउंट असतो, तसे समजावे.

तेव्हा इथे नियम थोडा वेगळा आहे. बघण्यासाठी रूपांतर टीव्हीत करा. जपून ठेवण्यासाठी मात्र रूपांतर कमीत कमी करा: लहरींचे आकडे, एवढेच. विणणे, मोठे करणे, उजळणे हे फायलीत नको. पुढे आणखी हुशार टीव्ही येतील, मोठे करण्याचे काम ते आजच्या दुकानदारापेक्षा चांगले करतील. कच्चा माल आपल्यापाशी असला म्हणजे झाले. धान्य साठवावे, भाकरी नाही.

कॅसेट उतरवायला देणार असाल, तर कागदावर एवढे लिहून द्या:

१. आकार मूळचा, चारास तीन. ताणू नये, वरखाली कापू नये.
२. रेघा ५७६, सेकंदाला पंचवीस चित्रे. एचडी किंवा फोर-के करू नये.
३. रंग आणि उजेड वाढवू नये, गाणी घालू नयेत. मूळ आवाज तसाच हवा.
४. फाइल फार दाबून लहान करू नये. डीव्ही नावाच्या पद्धतीत तासाला सुमारे १३ जीबी लागतात, तीन तासांच्या कॅसेटला सुमारे ४०. हल्लीच्या हार्ड डिस्कला ते जड नाही. रोज बघायला वेगळी लहान फाइल करून घ्यावी.
५. कॅसेट परत हवी.

नातेवाईक अमेरिकेत असतील आणि त्यांनी तिकडून कॅसेट पाठवली असेल, तर आधी सांगा. तिकडची पद्धत वेगळी, ५२५ रेघांची आणि सेकंदाला सुमारे तीस चित्रांची. ती आपल्या साध्या व्हीसीआरवर नीट चालत नाही, दोन्ही पद्धतींचा लागतो.

कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरे ठिपके किंवा भुरा दिसला, तर ती घरी लावून बघू नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला. अशी कॅसेट आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. बाकीच्या कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, स्पीकरपासून आणि उन्हापासून दूर. उतरवलेल्या फायलीच्या प्रती दोन करा, एक आपल्याकडे आणि एक बहिणीकडे किंवा नणंदेकडे. एकाच घरात दोन प्रती म्हणजे एकाच डब्यात सगळे दागिने.

दुकानात जाण्याआधी

शेवटी पैशांचे. नवीन यंत्र घेण्याआधी घरातल्या प्रत्येक यंत्राची जोडणी कागदावर रेघा मारून काढा. चित्र उगमापासून पडद्यापर्यंत कुणाकुणाच्या हातून जाते, ते मोजा. जिथे दोघे तेच काम करत असतील, तिथे एकाला सुट्टी द्या. ह्याला पैसा लागत नाही, आणि अर्ध्याअधिक तक्रारी इथेच मिटतात.

एचडीएमआयची वायर महाग घेतली म्हणून रंग खुलत नाहीत. त्या वायरीतून आकडे जातात, ते पोचतात किंवा अडखळतात. दोनतीन मीटरची साधी, घट्ट बसणारी वायर पुष्कळ झाली.

अॅम्प्लिफायर आवाजासाठी घ्या, चित्र सुधारेल ह्या आशेने नको. घेताना विचारा: माझ्या जुन्या पिनांच्या वायरी ह्याला लागतात का? नव्या यंत्रांत त्या जागा कमी होत चालल्या आहेत. बंद असताना चित्र पुढे जाते का? चित्राला हात न लावण्याचे सेटिंग आहे का? दुकानदाराला ह्या तीन प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत, तर पिशवी उचलून पुढच्या दुकानात जावे. भाजी घेताना जातोच की!

आणि हो, हे सगळे कळायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. कुणाचा हात चांगला, हे ओळखून त्याच्याकडे काम सोपवणे आणि बाकीच्यांना मधे लुडबुड करू न देणे, हेच तर आपण वर्षानुवर्षे घरात करत आलो. ह्या आठवड्यात आधी कपाट उघडा, साड्यांखालच्या कॅसेटी मोजा आणि कोणत्या कॅसेटमध्ये कोण आहे, ते चिठ्ठीवर लिहून चिकटवा. टीव्हीचे सेटिंग मग सवडीने करता येईल.